राहती वस्ती ‘हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट’ ठरवण्याचा प्रस्ताव : सही करण्यापूर्वी काय पाहावे?

ओसरीवाला (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात आमचे घर आहे. वस्ती बहुतांशी १९१० ते १९३० या काळातली आहे. समोर खोल पोर्च, उतरते छप्पर, बाहेरून लाकडी फळ्यांचे आवरण आणि दोन घरांच्या मधून मागच्या गॅरेजकडे जाणारी अरुंद वाट, अशी बहुतेक घरांची ठेवण आहे. अलीकडे बिल्डरांनी इथली काही घरे विकत घेऊन पाडली आणि त्या जागी प्लॉटच्या कडेपर्यंत पसरलेली, शेजाऱ्यांचे ऊन अडवणारी प्रचंड घरे उभी केली. त्यावर उपाय म्हणून संपूर्ण वस्ती ‘लोकल हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट’ (शहराच्या नियमांनी जपलेली ऐतिहासिक वस्ती) म्हणून जाहीर करावी, असा अर्ज शहराकडे करण्याचे रहिवासी संघटनेने ठरवले आहे आणि त्यासाठी घरमालकांच्या सह्या गोळा करणे सुरू आहे.

माझा या कल्पनेला तत्त्वतः विरोध नाही. हे घर आम्ही घेतले तेच मुळी ही वस्ती आवडली म्हणून. मात्र सही मागायला येणारे शेजारी सांगतात की, यामुळे फक्त पाडापाडी थांबेल, बाकी कोणाच्या घरात कोणी नाक खुपसणार नाही; तर विरोधक सांगतात की, दाराला रंग द्यायचा म्हटले तरी समितीपुढे हात जोडून उभे राहावे लागेल. नेमके खरे काय, ते कळायला मार्ग नाही.

आमच्यापुरत्या अडचणी सांगतो. मूळ लाकडी खिडक्यांच्या फटींतून थंडीत वारा येतो, त्यामुळे त्या काढून व्हायनिलच्या (प्लास्टिकच्या) बसवाव्यात असा विचार आहे. आई-बाबा आता बराच काळ आमच्याकडे राहणार असल्याने तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली आणि न्हाणीघर वाढवायचे आहे. छपरावर सोलर पॅनेलही लावायचे आहेत. यांपैकी काय करता येईल आणि काय अडकेल? शिवाय आमची वस्ती नॅशनल रजिस्टरवर (ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत) आधीपासूनच आहे, असे एका शेजाऱ्यांकडून कळले. तसे असेल तर पुन्हा वेगळे डिस्ट्रिक्ट कशासाठी? अनुभवी किंवा जाणकार मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

नकाशेवाचक

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण या विषयातला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नॅशनल रजिस्टर ही १९६६ च्या नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ॲक्टमधून आलेली आणि नॅशनल पार्क सर्व्हिसने सांभाळलेली यादी आहे. त्या यादीत घर असणे हा प्रामुख्याने मान आहे. खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने, केंद्र सरकारचे अनुदान किंवा परवाना न घेता आपले घर बदलले, अगदी पाडले, तरी केवळ त्या यादीमुळे त्याला कोणी अडवू शकत नाही. केंद्राच्या पैशाने किंवा परवान्याने एखादे काम होत असेल, उदाहरणार्थ वस्तीतून महामार्ग जाणार असेल, तर त्याचा ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल हे सरकारी खात्यांना आधी तपासावे लागते. पण बिल्डर आणि त्याचा बुलडोझर या तरतुदीच्या कक्षेत सहसा येत नाहीत. लोकल डिस्ट्रिक्टचे याच्या उलट आहे. राज्याने दिलेल्या अधिकारात शहर स्वतःचा ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक कायदा, करते, आणि त्या हद्दीत बाहेरून दिसणारा बदल करायचा असेल तर शहराने त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे ‘सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस’ (बदल वस्तीला साजेसा असल्याचा दाखला) मिळाल्याशिवाय बांधकाम खाते परमिट देत नाही. म्हणजे तुमचे दोन्ही शेजारी अर्धेअर्धे बरोबर आहेत. घराच्या आतल्या भागात सहसा कोणी येत नाही, बाहेरच्या भागात मात्र आयोग नक्की येतो. बाहेरच्या कामांत तो किती लक्ष घालतो, हे त्या शहराच्या ऑर्डिनन्सवर अवलंबून असते, आणि तो मजकूर न वाचता सह्या देणारे व नाकारणारे दोघेही अंधारात चाचपडत असतात.

ही पद्धत नवी नाही. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये झोनिंगच्या (कोणत्या जागी काय आणि किती बांधायचे याच्या) नियमांतच जुन्या वस्तीची हद्द आखली आणि बाह्य बदल तपासण्यासाठी मंडळ नेमले; अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. मोटारी वाढत होत्या आणि त्यांच्या पेट्रोल पंपांसाठी जुनी घरे पाडली जात होती, ही त्यामागची तातडीची कारणे होती. न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रेंच क्वार्टर वाचवण्यासाठी १९३६ मध्ये थेट लुईझियाना राज्याच्या घटनेत दुरुस्ती करावी लागली. बॉस्टनच्या बीकन हिलसाठी १९५५ मध्ये राज्याने कायदा केला. न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून पेन स्टेशन हे जुने रेल्वे स्थानक पाडले जाऊ लागल्यावर लोक हळहळले, १९६५ मध्ये लँडमार्क कायदा झाला आणि त्याच वर्षी ब्रुकलिन हाइट्स हे शहरातले पहिले हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट ठरले. ब्रुकलिन हाइट्सचे उदाहरण तुमच्या कामाचे आहे, कारण तिथे कोणी एका महापुरुषाचे घर वाचवायचे नव्हते; रांगेने उभी असलेली साधी राहती घरे एकत्र मिळून जे दृश्य तयार करतात, ते राखायचे होते.

‘माझी मालमत्ता, मी काहीही करीन’ हा युक्तिवाद वस्तीच्या सभांमध्ये हमखास ऐकू येतो. ग्रँड सेंट्रल टर्मिनल या रेल्वे स्थानकावर बहुमजली इमारत बांधू न देण्याच्या न्यूयॉर्कच्या निर्णयाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९७८ मध्ये न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली आणि मालमत्तेचा वाजवी उपयोग मालकाला उरत असेल तर असा निर्बंध म्हणजे मालमत्ता हिरावून घेणे नव्हे, असे ठरवले. त्यामुळे निर्बंधाला सरसकट आव्हान देणे अवघड आहे. मात्र बहुतेक ऑर्डिनन्समध्ये आर्थिक अडचणीचे एक कलम असते, आणि परवानगी नाकारल्याने आपल्यावर अवाजवी भार पडतो हे कागदपत्रांसह दाखवता आले तर त्याचा आधार घेता येतो.

आता प्रत्यक्ष प्रक्रियेकडे वळू. आधी वस्तीची पाहणी होते. प्रत्येक घराचे छायाचित्र घेऊन त्याचे वय, शैली आणि झालेले बदल नोंदवले जातात. मग वस्तीचा ‘महत्त्वाचा काळ’ ठरवतात, तुमच्याकडे तो बहुधा १९१० ते १९३० असाच असेल, आणि त्या काळातले व ओळखण्याइतके शाबूत असलेले घर ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ तर बाकीचे ‘नॉन-कॉन्ट्रिब्यूटिंग’ धरले जाते. हा शिक्का फार महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रिब्यूटिंग घर पाडण्याला कडक विरोध होतो आणि दुसऱ्या प्रकारच्या घराला बरीच मोकळीक मिळते. त्यानंतर आयोगापुढे सुनावणी, नियोजन मंडळाची शिफारस आणि शेवटी सिटी कौन्सिलचे मतदान, असा साधारण क्रम असतो.

मालकांच्या संमतीला किती वजन आहे, हे मात्र जागोजागी वेगळे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या कायद्यानुसार कौन्सिलचे किंवा गावसभेचे दोन-तृतीयांश मत लागते. ह्यूस्टनमध्ये २०१० च्या दुरुस्तीनंतर नव्या डिस्ट्रिक्टसाठी ६७ टक्के मालकांचा पाठिंबा लागतो. न्यूयॉर्कमध्ये सुनावणीत म्हणणे मांडता येते, पण मालकांच्या संमतीची अट नाही. तुमच्याकडच्या सह्यांना कायद्याने काही अर्थ आहे की त्या केवळ कौन्सिलवर दबाव आणण्यासाठी आहेत, हे आधी विचारा.

ह्यूस्टनच्या या दुरुस्तीमागे जे घडले, ते पाडापाडीची चिंता असणाऱ्यांनी जाणून घ्यावे. तिथल्या जुन्या नियमानुसार आयोगाने परवानगी नाकारली तरी मालकाने ९० दिवस थांबले की त्याला मनासारखे करता येत असे. बिल्डरांनी ते ९० दिवस आपल्या वेळापत्रकातच धरायला सुरुवात केली. पाडकामाला केवळ विलंब लावणारा नियम आणि ते नाकारणारा नियम, या दोहोंच्या परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते, आणि सह्यांच्या पत्रकावर ते कुठेच लिहिलेले नसते.

चुनाविटा

मी अशाच एका डिस्ट्रिक्टमध्ये राहते. डिस्ट्रिक्ट आधी झाले आणि घर आम्ही नंतर घेतले, त्यामुळे सह्यांच्या मोहिमेचा अनुभव मला नाही. परवानग्यांचा मात्र भरपूर आहे. नकाशेवाचक यांनी कायद्याची बाजू मांडली आहेच, म्हणून मी खिडक्यांबद्दल सविस्तर लिहिते.

व्हायनिलच्या खिडक्या दर्शनी बाजूला जवळजवळ निश्चित नाकारल्या जातील. अनेक शहरे ‘सेक्रेटरी ऑफ द इंटीरियर्स स्टँडर्ड्स’ या दहा मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतात, आणि त्यांतले एक असे आहे की, जुना भाग बिघडला असेल तर तो बदलण्याऐवजी आधी दुरुस्त करावा, आणि बदलणे अटळच असेल तर नवा भाग जुन्याशी घडण, रंग व पोत यांत आणि शक्य तिथे साहित्यातही जुळावा. हे वाचून सुरुवातीला चीड येते. पण १९२० च्या सुमाराची वर-खाली सरकणारी खिडकी एकदा उघडून बघा. चौकटीच्या दोन्ही बाजूंना आतून पोकळ खाचा असतात, त्यांत लोखंडी वजने टांगलेली असतात आणि कप्पीवरून जाणाऱ्या दोरीने ती तावदानाला जोडलेली असतात. खिडकी वर राहत नाही ती बहुधा दोरी तुटल्यामुळे. वारा येतो तो काचेभोवतीची पुट्टी वाळून झडल्यामुळे आणि फटींना पट्टी नसल्यामुळे. यातला प्रत्येक भाग सुटा होतो आणि वेगळा दुरुस्त करता येतो. शिवाय लाकूड जुन्या जंगलातले, संथ वाढलेल्या झाडांचे आणि दाट वलयांचे असल्याने रंग नीट राखला तर ते पिढ्यानपिढ्या टिकते. दुहेरी काचेच्या नव्या खिडकीचे सील गेले की दोन काचांच्या मधे वाफ धरते आणि मग सहसा काच किंवा अख्खे तावदानच बदलावे लागते. जुनी खिडकी दुरुस्त करून बाहेरून स्टॉर्म विंडो (जादा काचेची खिडकी) लावली की उष्णता राखण्याच्या बाबतीत ती नव्या खिडकीच्या पुष्कळच जवळ पोहोचते, आणि अशा स्टॉर्म विंडोला आमच्याकडे कार्यालयातच, सुनावणीशिवाय मंजुरी मिळते.

अडचण आहे ती कारागिरांची. हे काम जाणणारा सुतार शोधावा लागतो, तो लवकर मिळत नाही आणि स्वस्तही नसतो. तयारी असेल तर पुट्टी आणि दोरीचे काम घरच्या घरी शिकता येते. मात्र १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. रंग कोरडा घासू नये आणि मुलांना दूर ठेवावे.

विटांची चिमणी किंवा पाया असेल तर आणखी एक सांगावेसे वाटते. जुन्या विटा मऊ असतात आणि त्यांच्या सांध्यांत चुन्याचा मसाला भरलेला असतो. भिंतीतला ओलावा त्या मऊ सांध्यांवाटे बाहेर पडतो. आमच्या आधीच्या मालकांच्या गवंड्याने तिथे कडक पोर्टलँड सिमेंट भरले होते. ओलाव्याला सांध्यातून वाट उरली नाही, तो विटांमध्ये साठला आणि थंडीत गोठून त्याने विटांचे पापुद्रे उडवले. सांधे शाबूत आणि विटा खाल्लेल्या, असे विचित्र दृश्य आमच्या चिमणीवर आजही दिसते. चुन्याचाच मसाला वापरा, असे आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला सांगितले तेव्हा ती केवळ हौस नव्हती, हे त्यामुळे पटले.

मागची खोली बहुतेक मिळेल. वाढीव भाग मुख्य छपरापेक्षा खाली असावा, बाजूच्या भिंतींपासून थोडा आत घेतलेला असावा आणि रस्त्यावरून उठून दिसू नये, एवढी सर्वसाधारण अपेक्षा असते. तो हुबेहूब जुन्यासारखा करण्याचा आग्रह सहसा नसतो. किंबहुना नवे कुठे सुरू झाले हे जाणकाराला ओळखता यावे, असे ती तत्त्वेच सांगतात. सोलर पॅनेल मागच्या उतारावर लावलेत तर फारशी खळखळ होत नाही. ऊन मात्र समोरच्याच उतारावर पडत असेल, तर राज्याचा कायदा पाहावा लागेल, कारण काही राज्यांनी सोलर पॅनेल अडवण्याच्या स्थानिक अधिकारावर मर्यादा घातल्या आहेत.

उंबरठा

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण त्यांत एक प्रश्न विचारलाच गेलेला नाही. तुमच्या संघटनेची मूळ तक्रार इतिहासाची आहे की आकाराची?

नवी घरे फार मोठी होतात आणि शेजाऱ्यांचे ऊन अडवतात, ही तक्रार रास्त आहे. पण तिचे उत्तर झोनिंगमध्ये आहे. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात बांधकामाची मर्यादा, उंचीची मर्यादा, कडेपासून सोडायचे अंतर, हे नियम बदलले की प्रचंड घरे होणार नाहीत आणि तुमच्या खिडक्यांकडेही कोणी बघणार नाही. हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमुळे मात्र पाडकाम थांबवण्याच्या बदल्यात प्रत्येक घराच्या प्रत्येक बाहेरच्या कामावर कायमची देखरेख येते. तिचा खर्च वस्तीत सारखा वाटला जात नाही. दोन पगारांच्या कुटुंबाला सुताराची वाट पाहणे परवडते. पेन्शनवर जगणाऱ्या एकट्या आजींना छप्पर गळत असताना नकाशे काढून सुनावणीला जाणे परवडत नाही. दुरुस्ती टाळली तर ‘दुर्लक्षातून पाडकाम’ (डागडुजी न करून घर मोडकळीस येऊ देणे) या कलमाखाली त्यांनाच नोटीस येऊ शकते.

दुसरे म्हणजे घरांचा पुरवठा. जिथे नोकऱ्या वाढत आहेत तिथे जुन्या, मध्यवर्ती वस्त्यांत एका प्लॉटवर दोन-चार कुटुंबे राहू शकणे गरजेचे आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून एकाच कुटुंबासाठी राखलेल्या प्लॉटवर दोन घरांची आणि प्लॉटच्या विभागणीची सोय केली, पण हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमधल्या जमिनींना त्या तरतुदीतून वगळले. असे वगळणे कायद्यात असले की इतिहासाबद्दल अचानक प्रेम वाटू लागणाऱ्यांची संख्या वाढते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तिसरी गोष्ट थोडी टोचणारी आहे. १९१० ते १९३० हा ‘महत्त्वाचा काळ’ ठरवला जाईल. त्याच काळातल्या पुष्कळ अमेरिकन वस्त्यांच्या खरेदीखतांत, हे घर गोऱ्या वंशाखेरीज कोणाला विकू किंवा भाड्याने देऊ नये, अशी अट घातलेली असे. अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड या भारतीयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाच्या कायद्यासाठी ‘गोरे’ मानायला नकार दिला, म्हणजे आपण त्या अटीच्या कोणत्या बाजूला होतो हे उघड आहे. अशा अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, हा निकाल १९४८ मध्ये आला. घरांच्या व्यवहारातील भेदभावाला बंदी करणारा केंद्रीय कायदा १९६८ मध्ये आला. म्हणून वस्ती जपायला माझा विरोध आहे असे नाही. पण पाहणीच्या अहवालात पोर्चच्या खांबांची शैली तपशिलाने आणि ही अट मात्र वगळलेली, असे असेल तर तो अर्धाच इतिहास ठरेल. तुमच्या घराचे जुने खरेदीखत काउंटीच्या कार्यालयात मिळते. एकदा पाहून या.

नकाशेवाचक

उंबरठा यांचा झोनिंगचा मुद्दा मला मान्य आहे, एक पुस्ती जोडून. झोनिंग नव्या घराचा आकार आवरते, पण चांगले, दुरुस्त होण्याजोगे जुने घर पाडू नका, असे सहसा सांगत नाही. मर्यादेत बसणारे नवे घर बांधणे फायद्याचे असेल तर पाडापाडी चालूच राहील. तेव्हा प्रश्नकर्त्यांच्या वस्तीला आकार खटकतो की पाडणे खटकते, हे सभेत वेगवेगळे विचारायला हवे.

या दोन टोकांच्या मधलाही एक मार्ग आहे. काही शहरांत ‘नेबरहुड कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट’ असतात. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहराने १९८० च्या दशकात ही पद्धत सुरू केली. त्यात पाडकाम, नवे बांधकाम आणि मोठी वाढ यांवर बंधनकारक तपासणी ठेवता येते आणि खिडक्या, कुंपणे यांसारख्या लहान बदलांबद्दल केवळ सल्ला देता येतो किंवा ते पूर्ण वगळता येतात. कोणत्या वस्तीत काय तपासायचे, हे त्या त्या वस्तीच्या आदेशात ठरते. तुमच्या राज्यात आणि शहरात अशी तरतूद असेल, तर सह्यांचे पत्रक पुढे नेण्याआधी संघटनेने तिचा विचार केला होता का, हे विचारण्यासारखे आहे.

खर्च न परवडल्याने जुन्या रहिवाशांना वस्ती सोडावी लागेल, ही भीतीही अनाठायी नाही, पण ती अटळ आहे असेही नाही. पिट्सबर्गमध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या ‘पिट्सबर्ग हिस्टरी अँड लँडमार्क्स फाउंडेशन’ने मेक्सिकन वॉर स्ट्रीट्स या वस्तीत फिरता निधी (परत आलेला पैसा पुन्हा पुढच्या घरांसाठी वापरणारा निधी) वापरून घरे घेतली आणि दुरुस्त केली, आणि आधीपासून राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथेच राहता यावे, हे उद्दिष्ट सुरुवातीपासून समोर ठेवले. त्यासाठी पैसा आणि संस्था लागते. नुसता ऑर्डिनन्स हे काम करत नाही, आणि तुमच्या प्रस्तावात दुरुस्तीसाठी अनुदान किंवा कमी व्याजाचे कर्ज यांचा उल्लेख नसेल, तर वर उल्लेखलेल्या आजींचा प्रश्न तसाच राहतो.

पैशांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. केंद्राची २० टक्के करसवलत उत्पन्न देणाऱ्या वास्तूंसाठी, म्हणजे भाड्याच्या किंवा व्यावसायिक इमारतींसाठी आहे; स्वतः राहत असलेल्या घराला ती मिळत नाही. सह्या गोळा करणारे कधीकधी ‘टॅक्स क्रेडिट मिळेल’ असे मोघम सांगतात, तिथे कोणते, हे विचारावे. काही राज्यांची स्वतःची सवलत राहत्या घरालाही लागू होते. कॅलिफोर्नियात १९७२ च्या मिल्स ॲक्टखाली शहराशी किमान दहा वर्षांचा, आपोआप पुढे सरकणारा करार करून मालमत्ता कर कमी करून घेता येतो, पण त्यासाठी शहराने ती योजना स्वीकारलेली असावी लागते. विम्याकडेही पाहा. आगीत नुकसान झाले आणि आयोगाने मूळसारखेच काम करायला सांगितले, तर वाढीव खर्च साध्या पॉलिसीत बसेलच असे नाही. ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’ या नावाचे वाढीव संरक्षण किती आहे, हे एजंटला विचारून ठेवावे.

ओसरीवाला

सर्वांचे मनापासून आभार. शहराचा ऑर्डिनन्स आणि मार्गदर्शक पुस्तिका दोन्ही संकेतस्थळावर सापडल्या. रंगावर आयोगाचा अधिकार नाही असे स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा तो वाद तरी मिटला. पाडकामाच्या कलमात नकार देता येतो, नुसता विलंब नाही. खिडक्यांबाबत चुनाविटा यांनी लिहिले तसेच ‘आधी दुरुस्ती’ असे आहे. आमच्या खिडक्यांच्या दोऱ्या खरोखरच तुटलेल्या आहेत, त्यामुळे आधी तो प्रयोग करून पाहणार आहे. खरेदीखतही मागवले आहे.

एक शंका उरते. मागच्या खोलीचे काम आम्हाला या वर्षीच सुरू करायचे आहे. प्रस्ताव मंजूर होण्याआधी परमिट घेतले तर नवे नियम लागू होतील का? आणि मागचे गॅरेज पाडून त्या जागी खोली बांधली, तर घराला हातच लागत नाही. ते सोपे पडेल का?

नकाशेवाचक

परमिटबाबत ऑर्डिनन्समध्ये ‘अंतरिम संरक्षण’ किंवा तशा अर्थाचे कलम शोधा. अनेक शहरांत प्रस्ताव दाखल झाल्यापासून किंवा पहिल्या सुनावणीची सूचना निघाल्यापासून, अंतिम निर्णय होईपर्यंत पाडकामाची आणि मोठ्या बदलांची परमिटे रोखून धरली जातात, नाहीतर सगळेच लोक मधल्या काळात घाई करतील. त्याआधी रीतसर मिळालेले आणि मुदतीत सुरू केलेले परमिट सहसा चालते. तुमचा अर्ज अजून सह्यांच्याच टप्प्यावर असेल तर वेळ आहे, पण नकाशे तयार नसतील तर तो फार नाही.

गॅरेजचा मार्ग सोपा वाटतो, पण तो बहुधा अधिक अवघड निघेल. पाहणीत केवळ घरे मोजत नाहीत. त्याच काळातले मागचे गॅरेज स्वतंत्र कॉन्ट्रिब्यूटिंग वास्तू म्हणून नोंदवले जाऊ शकते, आणि मग घराला मागे खोली जोडण्यापेक्षा ते गॅरेज पाडण्याची परवानगी मिळवणे कठीण होते. पाहणीचा मसुदा सार्वजनिक कागद असतो. शहराच्या नियोजन खात्याकडे आपल्या पत्त्याचे पाहणीचे नोंदपत्रक मागा, त्यात घर आणि गॅरेज यांच्या नोंदी वेगवेगळ्या तपासा, आणि गॅरेजचे वय चुकीचे लावले असेल तर जुन्या परमिटची किंवा सॅनबॉर्न विमा नकाशाची प्रत जोडून सुनावणीपूर्वीच लेखी हरकत नोंदवा. सॅनबॉर्न कंपनीने आगीच्या विम्यासाठी काढलेल्या या नकाशांत घर, पोर्च आणि मागची बांधकामे वेगवेगळी दाखवलेली असतात, आणि बरेचसे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.